व्हिसा अडकलेला, जोडीदार परदेशी : भेटीला जाण्याआधी काय तपासावे?

शिरपूरला रेल्वे नाही. तरीही मुंबई-आग्रा महामार्गावरच्या या तालुक्याच्या गावातून परदेशी जाणाऱ्यांची वाट रुंद झाली आहे. आर. सी. पटेल यांच्या नावाने अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये इथे उभी राहिली, मुंबईच्या एनएमआयएमएसचा परिसर तापीकाठी आला. शिकून बाहेर पडलेली मुले-मुली पुण्या-बंगळुरूला नोकरी धरतात आणि त्यातली काही पुढे न्यू जर्सी, टेक्सास, टोरांटो गाठतात. मग लग्न ठरते. मुलगा तीन आठवड्यांची रजा काढून येतो, हळद लागते, मांडव उतरतो आणि तो परत जातो. मुलगी मागे राहते. कानबाईला ती सासरी असते, आखाजीला माहेरी, आणि दोन्हीकडे नातलगांचा प्रश्न एकच : व्हिसाचे काय झाले? हल्ली उलटेही दिसते. मुलगी परदेशी नोकरीला आणि नवरा इकडे वाट पाहत.

कायम राहण्याच्या व्हिसाचा अर्ज रांगेत असताना चार-सहा आठवड्यांसाठी भेटून येता येते का? बहुतेक देशांत कायद्याने याला बंदी नाही. अडचण वेगळी आहे. पाहुणी म्हणून व्हिसा मागणाऱ्या बाईने ‘मी परत येणार’ हे पटवून द्यायचे असते, आणि तिच्याच नावाचा दुसरा अर्ज ‘मला तिथे राहायला जायचे आहे’ असे सांगत असतो. या पेचातून वाट काढण्याचे दोन मार्ग लोक धरतात. काही जण दुसरा अर्ज लपवतात, काही जण तो उघड सांगून परतीचे कारण नीट मांडतात. पहिल्या मार्गाने कायमचे नुकसान झालेली कुटुंबे आहेत. दुसऱ्या मार्गात नकार मिळू शकतो, पण नकाराने पुढची दारे बंद होत नाहीत.

आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कोलकात्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यातली नोकरी सांभाळत मागे राहिले, नंतर तिकडे गेले आणि ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात आनंदीबाईंनी वैद्यकीय पदवी घेतली तेव्हा ते हजर होते. या जोडप्यापुढे पैशाचे आणि समाजाचे अडथळे डोंगराएवढे होते, पण व्हिसा नावाचा कागद त्यांच्या वाटेत नव्हता. आज पैसा आणि समाज दोन्ही अनुकूल असलेले जोडपे त्या एका कागदापायी दोन-तीन वर्षे ताटातूट सोसते. म्हणून त्या कागदाचे नियम लग्नाआधी समजून घेतलेले बरे.

लग्नाआधी असे म्हणण्याला ठोस कारण आहे. अमेरिकेत नोकरी करणारा मुलगा एच-१बी व्हिसावर असेल, तर पत्नीला एच-४ मिळतो आणि ती तुलनेने लवकर जाऊ शकते. या दोन्ही व्हिसांत कायम राहण्याची इच्छा असली तरी चालते. तिथला कायदाच ती सवलत देतो. मुलाकडे ग्रीन कार्ड असेल तर मात्र चित्र पालटते. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मंजूर होण्यापूर्वी लग्न झालेले असेल, तर पत्नी त्याच्याच रांगेतला क्रमांक धरून मागाहून जाऊ शकते. मंजुरीनंतर एका दिवसाने जरी लग्न लागले, तरी तिच्यासाठी आय-१३० हा नवा अर्ज करावा लागतो आणि ती एफ-२ए या वेगळ्या रांगेत उभी राहते. ही रांग वर्षांत मोजली जाते. स्थळ पाहताना मुलाचा पगार विचारला जातो, घर विचारले जाते. ‘ग्रीन कार्डाचा अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे?’ हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, आणि पुढच्या कित्येक महिन्यांचा हिशेब त्याच्याच उत्तरावर ठरतो. मुलगा अमेरिकी नागरिक असेल तर पत्नी ‘निकटचे नातलग’ या वर्गात मोडते. तिथे वार्षिक संख्येची मर्यादा नाही, फक्त कागदपत्रे तपासायला लागेल तेवढा वेळ जातो.

ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीची ही कोंडी अमेरिकी संसदेलाही दिसली होती. २००० साली केलेल्या कायद्यात अशा पत्नी-मुलांना तिथे येऊन वाट पाहू देणारा ‘व्ही’ व्हिसा निर्माण झाला. पण तो २१ डिसेंबर २००० पर्यंत अर्ज दाखल झालेल्यांपुरताच ठेवला गेला. त्यानंतरच्या जोडप्यांसाठी तशी सोय पुन्हा झाली नाही. म्हणून आज एफ-२एच्या रांगेतल्या बाईसमोर भेटीसाठी उरतो तो बी-२, म्हणजे साधा पर्यटक व्हिसा.

बी-२ साठी डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरतात. त्यात सरळ प्रश्न आहे : तुमच्यासाठी कोणी स्थलांतराचा अर्ज कधी दाखल केला आहे का? नवऱ्याने आय-१३० भरला असेल तर उत्तर ‘हो’ हेच. जोडीदार अमेरिकेत आहे का, असेल तर कोणत्या दर्जावर, हेही विचारलेले असते. गावोगावच्या व्हिसा-एजंटांपैकी काही जण इथे ‘नाही’ टिचकवायला सांगतात, ‘फक्त फिरायला जातेय म्हणा’ असा सल्ला देतात. हा सल्ला ऐकू नये. नवऱ्याचा अर्ज ज्या सरकारकडे पडून आहे, त्याच सरकारचा अधिकारी खिडकीपलीकडे बसलेला असतो आणि त्याच्या पडद्यावर तो अर्ज दिसू शकतो. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा शेरा बसला, तर अमेरिकेत प्रवेशाला कायमची आडकाठी येते. तीतून सूट मागण्याची सोय आहे, पण ताटातुटीमुळे तिथल्या जोडीदाराला असाधारण हालअपेष्टा सोसाव्या लागतील हे सिद्ध करावे लागते आणि ते काम अवघड आहे. चार आठवड्यांच्या भेटीसाठी आयुष्यभराचे सहजीवन पणाला लावणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. फॉर्म एजंटाने भरला, इंग्रजी कळले नाही, ही सबब चालत नाही. सही अर्जदाराची असते. म्हणून दुसऱ्याने भरलेला फॉर्म ‘सबमिट’ होण्याआधी ओळ न् ओळ वाचून घ्यावी, आणि गेल्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडियाची खातीही खरीच लिहावीत.

मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. बोटांचे ठसे आणि फोटो देण्याचे काम वेगळ्या केंद्रावर आणि बहुधा वेगळ्या दिवशी असते. शिरपूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघून पहाटे उतरायचे आणि सामानासह थेट रांगेत उभे राहायचे, हा बेत फसतो. मोबाइल, लॅपटॉप, मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. एक दिवस आधी पोचावे, सामान नातलगाकडे किंवा लॉजवर ठेवावे आणि कागदांची पातळ फाइल तेवढी घेऊन जावे.

खिडकीशी संभाषण मिनिटा-दोन मिनिटांचे असते. मराठीतून बोलायचे असेल तर तसे सांगता येते. मोडक्या इंग्रजीत अर्थ बदलण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. ‘कशासाठी जायचे आहे?’ याला ‘नवऱ्याला भेटायला’ हे खरे आणि पुरेसे उत्तर आहे. नंतरचा प्रश्न बहुतेक वेळा परतीचा असतो, आणि तिथेच तयारी लागते. आपल्याकडे घरातली माणसे सातबारा, सोन्याचे मूल्यांकन, सीएने काढून दिलेले संपत्तीचे पत्रक अशी जाडजूड फाइल बांधून देतात. अधिकारी ती बहुधा उघडतही नाही. सासऱ्याच्या नावावरची वीस एकर केळी ही सुनेने परत येण्याची खूण ठरत नाही. तिची स्वतःची नोकरी आणि मंजूर रजेचे पत्र, अर्धवट असलेला एम.फार्म.चा अभ्यासक्रम आणि परीक्षेची तारीख, स्वतः चालवलेला दवाखाना किंवा क्लास, ही कारणे वजनदार असतात. मागणीही मोजकी असावी. दिवाळीत चार आठवडे जाऊन कामावर रुजू होणार, असे सांगणाऱ्या बाईचे बोलणे पटते. ‘सहा महिने, जमलं तर आणखी’ असे म्हणणारीचे पटत नाही. याआधी कोणत्याही देशाला जाऊन मुदतीत परत आल्याचे शिक्के पासपोर्टवर असतील तर त्यांचा उपयोग होतो.

गरोदरपणी जाण्याचा विचार असेल तर अधिकच सावध राहावे. बाळाला अमेरिकी नागरिकत्व मिळावे हा प्रवासाचा मुख्य हेतू दिसला तर पर्यटक व्हिसा नाकारावा, असा नियम जानेवारी २०२० पासून आहे.

नकार आला तर तो बहुधा २१४(ब) या कलमाखाली येतो. परतीबद्दल खात्री पटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर अपील नाही, पुन्हा अर्ज करता येतो आणि रांगेतल्या आय-१३० ला त्याने धक्का लागत नाही. मात्र परिस्थितीत काही बदल नसताना महिन्याभरात पुन्हा १८५ डॉलर भरून तीच उत्तरे देणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. पुढच्या प्रत्येक अर्जात हा नकार नमूद करावाच लागतो.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला असे नव्हे. विमानतळावरचा अधिकारी पुन्हा तेच प्रश्न विचारतो, सामान आणि फोनसुद्धा तपासू शकतो. बॅगेत संसाराची भांडी, सगळी शैक्षणिक प्रमाणपत्रे आणि दागिने भरलेले असतील, किंवा फोनवर ‘आता परत यायचंच नाही’ असा मेसेज असेल, तर तिथूनच परत पाठवले जाऊ शकते. परतीचे तिकीट, रजेचे पत्र आणि नवऱ्याच्या घराचा पत्ता हाताशी ठेवावा. आत गेल्यावर आय-९४ ही नोंद ऑनलाइन उघडून पाहावी. किती दिवस राहता येईल हे तिच्यावर ठरते, पासपोर्टमधल्या व्हिसाच्या दहा वर्षांवर नाही. इथे अनेकांची गल्लत होते. मुदत उलटून १८० दिवसांपेक्षा जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षे, आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक राहिले तर दहा वर्षे प्रवेशबंदी लागते.

सगळी ये-जा बायकोनेच करावी असा काही दंडक नाही. बऱ्याचदा तिकडच्या जोडीदाराने येणे सोपे असते, पण त्याचेही कागद आधी तपासायला हवेत. ग्रीन कार्डधारकाने एका वेळी सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेले बरे. त्यापुढे गेल्यास नागरिकत्वासाठी लागणारा सलग वास्तव्याचा हिशेब अडचणीत येतो. ज्याचा ग्रीन कार्डाचा अंतिम अर्ज, म्हणजे आय-४८५, प्रलंबित आहे, त्याने ‘ॲडव्हान्स पॅरोल’ ही परवानगी न घेता अमेरिका सोडली तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. वैध एच-१बी किंवा एल-१ दर्जावर परतणाऱ्यांना यातून सूट आहे. एच-१बीवाल्यांची खरी चिंता असते पासपोर्टवरच्या शिक्क्याची. तो संपला असेल तर भारतात येऊन नवा घेतल्याशिवाय परत जाता येत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सोशल मीडिया तपासणीचे नवे नियम आले तेव्हा भारतातल्या ठरलेल्या अनेक मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या आणि बायकोला भेटायला आलेले किती तरी जण इथेच अडकले. त्यामुळे शिक्का संपलेल्याने मुलाखतीची तारीख हातात असली तरी कंपनीशी बोलून, इथून काम करण्याची लेखी परवानगी घेऊनच तिकीट काढावे.

अशांसाठी एक आडवाट आहे. शिक्का संपलेला पण आय-९४ वैध असलेला एच-१बीधारक कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवसांपर्यंत जाऊन, तिथे अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज केला नसेल तर, जुन्या शिक्क्यावर परत येऊ शकतो. पत्नीने भारतातून त्या देशात जायचे आणि दोघांनी तिथे भेटायचे. दोघांनाही त्या देशाचा व्हिसा लागेल, खर्चही होईल, पण अमेरिकेच्या व्हिसाची जोखीम टळते. जाण्याआधी कंपनीच्या वकिलाला विचारावे.

कॅनडाचा कायदा या बाबतीत अधिक समजूतदार आहे. तिथे ‘दुहेरी हेतू’ स्पष्ट मान्य केला आहे : कायम राहण्याची इच्छा असली तरी, मुदत संपल्यावर ही व्यक्ती परत जाईल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर पाहुण्याचा व्हिसा देता येतो. मे २०२३ मध्ये तिथल्या सरकारने, पती-पत्नी प्रायोजकत्वाचा अर्ज दाखल केलेल्यांचे पाहुणे-व्हिसा लवकर निकाली काढण्याचे आणि बहुतेक अर्ज ३० दिवसांत हातावेगळे करण्याचे धोरण जाहीर केले. म्हणून कॅनडात जोडीदार असलेल्यांनी पाहुण्याच्या अर्जात प्रायोजकत्वाच्या अर्जाचा क्रमांक आणि पोच जोडावी. लपवण्याऐवजी दाखवण्यातच तिथे फायदा आहे. एक फरक लक्षात ठेवावा. ‘कॅनडात राहणारा जोडीदार’ या वर्गात अर्ज केला असेल, तर निर्णयाआधी देशाबाहेर पडल्यावर परत प्रवेशाची हमी नसते, आणि परतता आले नाही तर तो अर्ज बुडतो. ये-जा करायची असेल तर भारतातून, म्हणजे कॅनडाबाहेरच्या वर्गात अर्ज केलेला बरा. शिकायला गेलेल्या नवऱ्याच्या पाठोपाठ खुल्या वर्क परमिटवर जाण्याचा मार्ग मात्र २१ जानेवारी २०२५ पासून बराच अरुंद झाला आहे. तो आता मुख्यतः किमान १६ महिन्यांच्या पदव्युत्तर आणि पीएच.डी. अभ्यासक्रमांना, तसेच काही निवडक व्यावसायिक पदव्यांना लागू आहे. डिप्लोमासाठी गेलेल्याच्या पत्नीला तो मिळत नाही.

ब्रिटनमध्ये पाहुणी म्हणून गेल्यावर तिथल्या तिथे पत्नीच्या व्हिसावर जाता येत नाही, परत येऊनच अर्ज करावा लागतो. आणि जो ब्रिटनमध्ये राहून मुदतवाढीचा अर्ज करून बसला आहे, त्याने निर्णयाआधी ब्रिटन-आयर्लंडच्या सामाईक प्रवासक्षेत्राबाहेर पाऊल टाकले तर अर्ज मागे घेतला असे धरतात. भारतात बायकोला भेटायला आलेल्याचा अर्ज असा आपोआप निकालात निघू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या पाहुण्या-व्हिसावर ८५०३ हा अटीचा क्रमांक आहे का ते पाहावे. असला तर तिथे राहून पुढचा व्हिसा मागता येत नाही. जर्मनीत शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, पण संसार थाटायचा तर वेगळा राष्ट्रीय व्हिसा भारतातूनच काढून जावे लागते आणि बहुतेकांना ए-१ पातळीचे जर्मन यावे लागते. वाट पाहण्याचा काळ पुणे किंवा मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनाच्या वर्गात घालवणे शहाणपणाचे.

एक सीमा अशी आहे जिथे नियमांचा अभ्यास करूनही हाती काही लागत नाही. पाकिस्तानातून आलेली, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारी सिंधी कुटुंबे जळगावात आहेत. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द केले आणि अटारीची चौकी बंद केली. दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहिले, पण माहेरी आलेल्या, पाकिस्तानात सासर असलेल्या आणि भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या अनेक स्त्रिया फाटकाशी अडकल्या. मुले पलीकडे, आई अलीकडे, अशी दृश्ये तेव्हा देशाने पाहिली. अशा कुटुंबांनी परतीची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय, कितीही तातडीचे कारण असले तरी, सीमा ओलांडू नये.

आता घरच्या कागदांकडे. कोणत्याही देशाच्या अर्जात पहिला कागद लागतो तो विवाह नोंदणीचा दाखला. १९९८ च्या महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे शिरपूर शहरात ही नोंद शिरपूर-वरवाडे नगरपरिषदेत आणि खेड्यांत ग्रामपंचायतीत होते. वधू-वर दोघे, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे पुरोहित यांच्या सह्या लागतात. परदेशातल्या मुलाची रजा हळदीपासून सत्यनारायणापर्यंत सरून जाते, नोंदणी राहून जाते आणि मग एका सहीसाठी त्याला पुन्हा यावे लागते. दुसरी हमखास चूक नावाची. लग्नात नवरीचे नाव बदलण्याची रीत खानदेशात अजून आहे. आधारवर एक नाव, पासपोर्टवर दुसरे आणि पत्रिकेत तिसरे, असे झाले की परदेशी अधिकाऱ्याला त्या तीन वेगळ्या बायका वाटतात. लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. निदान अर्जाचा निकाल लागेपर्यंत जन्मदाखला, पासपोर्ट आणि विवाह दाखला यांवर एकच नाव राहू द्यावे. भेटीला जाऊन आल्यावर बोर्डिंग पास, फोटो, हॉटेलच्या पावत्या जपून ठेवाव्यात. लग्न खरे आहे हे दाखवायला पुढच्या मुलाखतीत त्यांचाच आधार होतो.

शुल्क आणि नियम वरचेवर बदलतात, म्हणून फॉर्म भरण्याच्या दिवशी त्या त्या सरकारचे अधिकृत संकेतस्थळ स्वतः उघडून पाहावे. आणि ज्या घरात येत्या हंगामात परदेशातल्या मुलाचे किंवा मुलीचे लग्न आहे, त्यांनी लग्न होताच पाहुणे पांगायच्या आत नवरा-नवरी, तिन्ही साक्षीदार आणि पुरोहितांना घेऊन नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत गाठावी आणि नोंदणी उरकून घ्यावी.